पेनिश: एक दिवस की दोन, आणि कोणत्या वारी?

विचारणा अशी आहे: सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लिस्बनला चार दिवस मुक्काम. त्यातला एक दिवस मासेमारीच्या चालत्या बंदराला द्यायचा आहे. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचं नाझारे की पेनिश? बरोबर सत्तरीचे आईवडील, आई शाकाहारी. पेनिशसमोरचं बेर्लेंगा बेट पाहून संध्याकाळी परत येता येईल का?

पेनिश. एका दिवसात बेट होईल किंवा गाव होईल, दोन्ही धड होणार नाहीत. एक रात्र तिथं काढायची तयारी असेल तर दोन्ही होतं आणि आईवडिलांची दमछाकही होत नाही. पण दिवस एक की दोन यापेक्षा वार कोणता हे आधी ठरवा. पेनिशला जाऊन हिरमुसले होऊन परतणाऱ्यांची बहुतेक तक्रार वार चुकल्याचीच असते.

नाझारे वाईट नाही. पण तिथलं बंदर १९८०च्या दशकात गावापासून जरा बाजूला हललं, आणि किनाऱ्यावर वाळत घातलेले मासे व रंगीत होड्या आता बऱ्याचशा बघ्यांसाठी मांडलेल्या असतात. तिथल्या अजस्र लाटा ऑक्टोबर ते मार्चमधल्या, सप्टेंबरात त्या दिसायच्या नाहीत. पेनिश दिसायला नाझारेइतकं देखणं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गावात पांढऱ्या भिंतींपेक्षा जाळी, क्रेट, बर्फाचे ट्रक आणि डिझेलचा वास जास्त. ज्याला बंदर बघायचंय त्याला हेच हवं असतं.

आता वार. इथल्या सार्डिनच्या बोटी म्हणजे आपल्याकडच्या पर्ससीनचाच प्रकार, स्थानिक नाव त्राइनेइरा. रात्री बाहेर पडतात, थव्याभोवती जाळं फिरवून तळ आवळतात आणि उजाडताना परत येतात. शनिवार-रविवारी यातल्या बहुतेक धक्क्याला बांधलेल्या असतात. म्हणजे रविवारी दुपारपासून सोमवारी रात्रीपर्यंत गावात ताज्या सार्डिनची चणचण. चांगली खानावळ अशा वेळी सोमवारी बंदच ठेवते, आणि जी उघडी असते तिथं बर्फातला शुक्रवारचा माल असू शकतो. किल्ल्यातलं संग्रहालयही सोमवारी बंद. तेव्हा सोमवार बादच करा. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. शनिवारी मासे मिळतात, पण लिस्बनची निम्मी मंडळी बेटावर जायला आलेली असतात.

हंगामाच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. सार्डिन हिवाळ्यात अंडी घालते आणि वसंतापर्यंत वाळकी, कोरडी राहते. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्रात ढकलतो, तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर प्लवक वाढतं आणि ते खाऊन मासा चरबी धरतो. २४ जूनच्या साव जुआँवच्या सणाला सार्डिन पावावर ठिबकते अशी तिथं म्हणच आहे. खरी चव जुलै ते सप्टेंबर. कोकणात जून-जुलैत बंदीमुळे होड्या ओढून ठेवलेल्या असतात, त्याच दिवसांत इथं ऐन सुगी असते. हिवाळ्यात मात्र ही मासेमारी काही महिने बंद ठेवतात. जानेवारी-फेब्रुवारीत कुणी भाजलेली सार्डिन वाढली तर ती बहुधा फ्रीझरमधली.

जायचं कसं? पेनिशला रेल्वे नाही. लिस्बनहून बस आहे, साधारण दीड तास. तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढा आणि बस कुठल्या स्थानकावरून सुटते ते तिकिटावर वाचा, कारण लिस्बनमध्ये बसस्थानकं एकाहून अधिक आहेत. परतीची शेवटची बसही त्याच वेळी बघून ठेवा, शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात. गाडी असेल तर ए-आठ महामार्ग आणि मग आयपी-सहा, अंतर शंभर किलोमीटरच्या आत. ए-आठला टोल आहे. भाड्याच्या गाडीत टोलचं यंत्र आहे का आणि त्याचे पैसे कसे कापले जातात, हे गाडी घेतानाच विचारा. किल्ल्यासमोरच्या मोठ्या चौकाच्या आसपास गाडी लावता येते, ऑगस्टमध्ये मात्र सकाळी नऊनंतर जागा मिळणं कठीण.

बेट, आणि पोटातली कालवाकालव

बेर्लेंगा हा लहानसा द्वीपसमूह काबो कार्व्होएरू या भूशिरापासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे. २०११पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र. मोठ्या बेटावर एका वेळी ५५० पाहुण्यांचीच मुभा, आणि त्यासाठी बोटीच्या तिकिटाखेरीज वेगळा पास लागतो. तो ऑनलाइन निघतो, शुल्क किरकोळ. तिकिटाबरोबर बोटवाला काढून देतो की आपण काढायचा, हे आरक्षण करतानाच विचारा. मोठी बोट साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, म्हणजे तुमच्या तारखा हंगामाच्या शेपटाला आहेत. लहान वेगवान बोटी पुढेही हवामान बघून जातात.

या पल्ल्यात लोक आजारी का पडतात ते समजून घ्या. बंदराचं तोंड द्वीपकल्पाच्या दक्षिण बाजूला, आडोशाला आहे. पहिली काही मिनिटं पाणी शांत असतं, लोक फोटो काढतात, बिस्किटं खातात. भूशीर ओलांडलं की वायव्येकडून येणारी अटलांटिकची लाट बोटीला समोरून भिडते आणि अर्धाअधिक प्रवास तिच्यावर आपटत करावा लागतो. परतीला तीच लाट मागून येते, म्हणून येताना त्रास कमी. जाताना कर्मचारी पिशव्या वाटत फिरतात तो विनोद नव्हे.

उपाय साधे आहेत. मळमळीची गोळी बोट सुटायच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी घ्या, भूशिराशी पोचल्यावर घेऊन उपयोग नाही. डायमेनहायड्रिनेटची गोळी कुठल्याही फार्मासियात विनाचिठ्ठी मिळते, झोप येते एवढं ध्यानात ठेवा. आईवडिलांची रक्तदाबाची, प्रोस्टेटची किंवा काचबिंदूची औषधं चालू असतील तर भारतातूनच डॉक्टरांना विचारून निघा. न्याहारी हलकी करा, पण उपाशीपोटी बसू नका. बोटीत मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर, मोकळ्या हवेत बसा. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल खिशात. लहान रबरी बोट लवकर पोचते, पण पाठीला हादरे देते. कंबरेचं दुखणं असलेल्यांनी मोठीच बोट घ्यावी.

फेरी सकाळची धरा. उन्हाळ्यातला उत्तरेचा वारा, नोर्ताद, दुपारी जोर धरतो. आदल्या संध्याकाळी आयपीएमए या पोर्तुगीज हवामान संस्थेचा समुद्राचा अंदाज पाहा. लाटांची उंची दोन मीटरच्या वर आणि दोन लाटांमधला अवधी सात-आठ सेकंदांचा असेल, तर बोट सुटली तरी मजा यायची नाही. तीच उंची बारा सेकंदांच्या अवधीला बरीच सुसह्य असते. फेरी रद्द झाली तर पैसे परत की तारीख बदलून, ही अट तिकिटावर वाचून घ्या. एक रात्र मुक्काम करा म्हणतोय त्याचं हेही कारण. पहिला दिवस बिघडला तर दुसरा हाताशी राहतो.

बेटावर उतरलं की चढ सुरू. वरच्या सपाटीवर १८४१चं दीपगृह आहे, आणि पलीकडे खाली पाण्यात खडकावर साव जुआँव बातिश्ताचा किल्ला, अरुंद दगडी पुलानं जोडलेला. १६६६मध्ये आंतोनियु आव्हेलार पेसोआ नावाच्या एका साध्या कॉर्पोरलनं मूठभर शिपायांनिशी स्पॅनिश आरमाराला इथं दोन दिवस थोपवून धरलं. मोठ्या बोटीवर त्याचंच नाव आहे. किल्ल्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या पुष्कळ आणि उघड्यावर, आणि परत चढायच्याही त्याच. सत्तरीच्या गुडघ्यांना हे बेट मी सुचवणार नाही. तुम्ही जा, त्यांना गावात ठेवा. त्यांच्यासाठी खाली बरंच आहे.

जाणाऱ्यांनी माणशी दीड लिटर पाणी, टोपी आणि वारा अडवणारं जाकीट घ्यावं. सावली जवळजवळ नाही, खायची-प्यायची सोय जुजबी आणि महाग. आखलेली वाट सोडू नका. सीगल पक्ष्यांची वीण चालू असताना, म्हणजे मे-जूनमध्ये, ते सरळ डोक्यावर झेपावतात, सप्टेंबरात तो त्रास नसतो. लहान होडीतून गुहांची फेरी मिळते, तिच्यात फुरादु ग्रांद हा डोंगराच्या आरपार गेलेला बोगदा आहे का एवढं विचारून मगच पैसे द्या. पोहायचं तर पाणी सोळा-अठरा अंश, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. वर सांगितलेलं तळाचं थंड पाणी ते हेच.

ताटातला मासा

मासळीचा लिलाव लोता नावाच्या इमारतीत होतो. आपल्या बंदरावर भाव ओरडून वर चढवतात. इथं पडद्यावर आकडा वरून खाली घसरत येतो आणि ज्याला घ्यायचं तो हातातलं बटण दाबून थांबवतो. आत वाटेल तेव्हा शिरता येत नाही, पण सकाळी धक्क्याच्या बाजूनं क्रेट उतरताना, जाळी तुनताना, सीगलांची झुंबड उडताना दिसते. ट्रॉली आणि फोर्कलिफ्टच्या वाटेत उभं राहू नका, आणि पसरलेल्या जाळ्यावर पाय तर मुळीच देऊ नका.

बंदरालगतच्या आव्हेनीदा दु मारवर खानावळींची रांग आहे. पाटीवरच्या फोटोंपेक्षा आतली बर्फाची पेटी बघा. मासा आख्खा आहे का, डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे का, कल्ले लालभडक आहेत का, हे पारखायला आपल्याला कुणी शिकवायला नको. मोठ्या माशाचा भाव किलोवर असतो. भाजायला टाकण्याआधी वजन करून किंमत सांगायला लावा. दोघांना आठशे ग्रॅम ते एक किलोचा मासा पुरतो. न विचारता मोठा मासा निवडला की बिल बघून डोळे पांढरे होतात, आणि त्यात फसवणूक झालेली नसते, आपणच विचारलेलं नसतं. यादीत ‘दोझ’ म्हणजे एक वाढप, जी अनेकदा दोघांना पुरते, ‘मेया दोझ’ अर्धी. बसल्याबसल्या समोर पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज येतं ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता परत द्या, त्याचे पैसे लागत नाहीत.

भाजलेल्या सार्डिन पाच-सहा येतात, उकडलेला बटाटा आणि भाजक्या सिमला मिरचीच्या कोशिंबिरीबरोबर. मासा साफ केलेला नसतो. आतडी आत, डोकं शाबूत, वरून फक्त जाड मीठ. हा आळस नव्हे, पद्धत आहे. पोट चिरलं की निखाऱ्यावर चरबी गळून जाते आणि मांस कोरडं पडतं. खायची रीत अशी: पावाची जाड फोड घ्या, तिच्यावर मासा आडवा ठेवा. कातडी नखानं किंवा काट्यानं सोलून बाजूला करा. पाठीच्या रेषेवर काटा टेकवून वरची बाजू सोलली की ती आख्खी सुटते. मग शेपटीकडून मधला काटा उचला, त्याच्यासकट डोकं आणि पोटातली घाण निघून येते. मासे संपेपर्यंत खालचा पाव तेलानं आणि खारटपणानं भिजतो, तो शेवटी खायचा. मसाला नाही म्हणून नाक मुरडू नका. फारच वाटलं तर पिरी-पिरी हा तिखट सॉस मागा.

मला विचाराल तर पेनिशला येऊन एकच गोष्ट खायची झाली तर काल्देइरादा. पातेल्यात कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, बटाटा आणि माशांचे थर लावून, न ढवळता, झाकून शिजवलेलं कालवण. त्यात पाकट, मुशी, वाम असे आपल्या ओळखीचे काटक मासे असतात, कारण मऊ मासा थरात विरघळून जातो. बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात आणि अर्धा तास तरी लागतो, तेव्हा भूक लागायच्या आधी सांगा. पेरसेब्श म्हणजे खडकाला चिकटणारे पंजासारखे जीव बेर्लेंगाचे नावाजलेले, पण शंभर-दोनशे ग्रॅमच मागवा. उसळत्या लाटांत खडकावरून ते काढावे लागतात, त्यामुळे महाग, आणि चव म्हणजे निव्वळ समुद्र.

आईंसाठी थोडी तयारी हवी. भाजीचं सूप सगळीकडे मिळतं, पण काल्दु व्हेर्द या हिरव्या सूपमध्ये डुकराच्या सॉसेजची चकती असते आणि साध्या सूपमध्येही मांसाचा अर्क असू शकतो. ‘सें कार्न, सें पेइश’, म्हणजे मांस नको, मासा नको, असं स्पष्ट सांगा आणि सूपबद्दल वेगळं विचारा. अंडं चालत असेल तर ऑम्लेट, नसेल तर भाजी, भात, बटाटा, सॅलड जोडून ताट करून देतात. सार्डिनच्याच शेगडीवर भाजलेली मिरची त्यांना चालणार नसेल तर तेही सांगा. दुपारचं जेवण साडेबारा ते तीन. साडेतीनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. दीडला गर्दी उसळते, साडेबाराला गेलात तर जागा मिळते.

किल्ला

गावातला मोठा किल्ला सोळाव्या-सतराव्या शतकांतला, पण तो बघायचा तो विसाव्या शतकासाठी. १९३४ ते १९७४ तो सालाझारच्या हुकूमशाहीचा राजकीय तुरुंग होता. आज तिथं प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तुरुंगाचं दार उघडलं त्या दिवसाला बरोबर पन्नास वर्षं झाली तेव्हा, २७ एप्रिल २०२४ला ते सुरू झालं. अडीच हजारांच्या वर कैद्यांची नावं कोरलेला स्मृतिफलक प्रवेशाजवळ आहे.

मराठी आणि गोमंतकीय माणसानं इथं घाई करू नये. १९४६च्या जूनमध्ये लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर गोव्यात धरपकड झाली. गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयानं आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट या किल्ल्यात आणून डांबलं. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे यांचं नाव अनेकजण पेनिशशी जोडतात, पण त्यांचा तुरुंग लिस्बनजवळचा काशियश. तिथून त्यांची सुटका जानेवारी १९६९मध्ये झाली, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर.

आत तीन गोष्टी चुकवू नका: भेटीची खोली, जिथं कैदी आणि घरची माणसं काचेआडून बोलत. तीन जानेवारी १९६०ला कम्युनिस्ट नेता आल्व्हारु कुन्याल आणि आणखी नऊ जण एका पहारेकऱ्याच्या मदतीनं जिथून निसटले तो भाग. आणि समुद्रावर आलेला गोल बुरूज, शिक्षेची कोठडी. आंतोनियु दियश लोरेन्सु १९५४च्या डिसेंबरात या कोठडीतून थेट खालच्या पाण्यात उतरला आणि पोहत सुटला. बुरुजावरून खाली डोकावलं की त्या पाण्याचा अंदाज येतो. संग्रहालयाला दोन तास धरा. दुपारी बुरुजावर वारा फार, वडिलांना टोपी नको, कानटोपी द्या.

उरलेला वेळ

काबो कार्व्होएरू गावापासून तीन-चार किलोमीटर. आईवडिलांना टॅक्सीनं न्या, परतीसाठी त्याच टॅक्सीला वेळ सांगून ठेवा. दीपगृहासमोर पाण्यातून उठलेला नाऊ दुश कोर्व्हुश हा सुळका आहे. कडा चुनखडीचा आहे आणि लाटा तो खालून कोरत असतात, म्हणून वरून भक्कम दिसणारी कड पोकळ असू शकते. कुंपणापलीकडे फोटोसाठी जाऊ नका. भूशास्त्राची आवड असेल तर उत्तर किनाऱ्यावर पोंता दु त्रोव्हाँव इथं ज्युरासिकमधल्या तोआर्सियन काळाच्या आरंभाची जागतिक प्रमाणरेषा खडकात खूण करून दाखवलेली आहे. इतरांना तो नुसता पट्ट्यापट्ट्यांचा दगड वाटेल.

लेसचं लहान संग्रहालय आईंना आवडेल. दंडगोल उशीवर केशरी पुठ्ठ्याचा नमुना टाचण्यांनी बसवतात आणि सुताच्या लाकडी दांड्या दोन्ही हातांनी अदलाबदल करत विणतात. खऱ्या हातविणीच्या छोट्या तुकड्यालाही चांगले पैसे पडतात. चार युरोंत मोठा रुमाल मिळाला तर तो यंत्राचा.

सुपरतुबुश किनारा लाटेवर स्वार होणाऱ्यांचा, पोहणाऱ्यांचा नव्हे. लाट उथळ पाण्यात किनाऱ्याशीच फुटते आणि मानेवर आपटते. पाण्यात पाय बुडवायचे तर बालेयाल किनाऱ्याच्या बाजूला जा. लाल बावटा असेल तर पाण्यात शिरूच नका. पिवळा असेल तर पोहू नका.

मुक्काम असेल तर पहिल्या दिवशी सकाळी सर्वांनी मिळून किल्ला, दुपारी काल्देइरादा, संध्याकाळी भूशीर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं तुम्ही बेटावर, आईवडील लेसच्या संग्रहालयात आणि धक्क्यावर, संध्याकाळच्या बसनं लिस्बन. आदल्या रात्री पहिल्या दिवसाचा अंदाज चांगला आणि दुसऱ्याचा वाईट दिसला तर क्रम उलटा करा. खिशात चाळीस-पन्नास युरो रोख ठेवा, काही लहान खानावळी परदेशी कार्ड घेत नाहीत. सार्डिनचे डबे घेतलेत तर चेक-इनच्या बॅगेत टाका. तेलातला डबा हातातल्या सामानात असेल तर द्रव म्हणून सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात.